रेंज गेली की आधी काय बघायचं

फोनची रेंज गेली की माणूस आधी फोन उंच धरतो. मग गॅलरीत जातो, मग गच्चीवर, आणि तिथेही जमलं नाही की कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात. दुकानदार फोन बंद करून चालू करतो, सिम काढून शर्टाला पुसतो आणि तरी काही झालं नाही तर म्हणतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." इथवर गाडी आली की खिशातले पैसे आणि फोनमधले फोटो, दोन्ही जायच्या बेतात असतात. खरं तर यातलं बहुतेक काम घरच्या घरी, फुकटात आणि काहीही न पुसता होतं. रेंज अडण्याच्या जागा मुळात चारच आहेत: फोन, सिमकार्ड, कंपनीकडचं तुमचं खातं आणि टॉवर. या चौघांपैकी कोण, ते कळेपर्यंत कुठलीही मोठी दुरुस्ती करायची नाही, एवढं पथ्य पाळायचं.

सुरुवात स्क्रीनच्या वरच्या पट्टीपासून करा. तिथे काय लिहिलंय ते बहुतेक जण वाचतच नाहीत, 'रेंज नाही' एवढंच म्हणून मोकळे होतात. पण तिथल्या मजकुरात फरक असतो. 'नो सिम' असेल तर फोनला कार्डच दिसत नाहीये; टॉवरचा यात काही संबंध नाही, गच्चीवर जाण्यात अर्थ नाही. 'नो सर्व्हिस' असेल तर कार्ड दिसतंय, पण फोनला कुठलाही टॉवर ऐकू येत नाहीये. सगळ्यात बोलका मजकूर म्हणजे 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली'. आयफोनवर त्या जागी कधी नुसतं 'एसओएस' दिसतं. याचा अर्थ फोनचा रेडिओ ठणठणीत आहे आणि कुणाचा तरी टॉवर त्याला ऐकू येतोय. मात्र तो तुमच्या कंपनीचा नाही, किंवा तुमची कंपनी तुम्हाला आत घेत नाहीये. ११२ हा आणीबाणीचा नंबर कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो, म्हणून तेवढी सोय फोन दाखवतो. चौथा प्रकार म्हणजे दांड्या भरलेल्या, पण फोनही लागत नाही आणि नेटही चालत नाही. तो वेगळाच आजार, त्याकडे नंतर येतो.

या चार प्रकारांमागे काय घडतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. फोन चालू झाल्यावर लगेच बोलत नाही, आधी ऐकतो. रेडिओचं काम करायला त्यात एक वेगळा प्रोसेसर असतो, त्याला मोडेम किंवा बेसबँड म्हणतात. तो आधी सिमकार्डावरचा ग्राहक क्रमांक वाचतो. हा तुमचा दहा आकडी मोबाइल नंबर नव्हे. हा १५ आकडी असतो. पहिले तीन आकडे देशाचे, भारतात ४०४ किंवा ४०५, आणि त्यापुढचे कंपनीचे. मग मोडेम शेवटची रेंज ज्या फ्रिक्वेन्सीवर मिळाली होती तिथे कान लावतो. तिथे काही नसेल तर एकेक बँड चाळत जातो. प्रत्येक टॉवर आपली ओळख अखंड हवेत सोडत असतो: मी अमुक देशातल्या अमुक कंपनीचा. जत्रेच्या कोलाहलात आपल्या माणसाचीच हाक कानाला लागावी, तसा फोन त्यातून आपल्या कंपनीची हाक वेचतो आणि त्या टॉवरला कळवतो, मी इथे आहे, माझी नोंद घ्या.

कंपनी लगेच विश्वास ठेवत नाही. ती एक आकडा पाठवते, दर वेळी नवा. सिमकार्डाच्या आत एक गुप्त किल्ली असते, १२८ बिटांची, आणि ती कार्डाबाहेर कधीच येत नाही. कार्ड त्या किल्लीने आकड्याचं उत्तर काढून परत पाठवतं. कंपनीकडे तीच किल्ली असल्यामुळे तिथेही तेच उत्तर निघतं. दोन्ही जुळली की नोंद झाली आणि 'इमर्जन्सी'चा मजकूर जाऊन कंपनीचं नाव येतं. एवढा सगळा व्यवहार काही सेकंदांत उरकतो. तो कुठल्या पायरीवर अडला तेच आपल्याला शोधायचंय. कार्ड वाचण्यावर अडला तर 'नो सिम', ऐकण्यावर अडला तर 'नो सर्व्हिस', नोंदीवर अडला तर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली'.

आता पहिली परीक्षा, आणि तीही फोनला हात न लावता. शेजारी जाऊन विचारा, "काकू, तुमच्या फोनला रेंज आहे का?" काकू हो म्हणाल्या की लोक परत फिरतात आणि आपलाच फोन बिघडला असं धरून चालतात. दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो: "कुठल्या कंपनीचं कार्ड आहे तुमचं?" काकूंचं जिओ आणि तुमचं बीएसएनएल असेल तर त्यांच्या रेंजवरून तुमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तुमच्याच कंपनीचं कार्ड असलेला फोन, त्याच जागी, त्याच वेळी बघायला हवा. त्यालाही रेंज नसेल तर टॉवर बंद आहे. मग तुमच्या हातात चहा टाकणं आणि वाट बघणं एवढंच उरतं.

त्या फोनला रेंज असेल तर पुढची परीक्षा अदलाबदलीची. तुमचं कार्ड दुसऱ्याच्या फोनमध्ये घाला आणि त्याचं तुमच्या फोनमध्ये. तुमचं कार्ड तिथेही मेलेलं असेल तर दोष कार्डाचा किंवा खात्याचा. ते तिथे चाललं आणि त्याचं कार्ड तुमच्या फोनमध्ये चाललं नाही, तर दोष फोनचा. दोन सिमच्या फोनमध्ये ही परीक्षा अर्धी आपोआपच झालेली असते: एका कार्डाला रेंज आहे आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे रेडिओ बहुधा शाबूत आहे. बहुधा म्हणायचं कारण, काही जुन्या फोनांत दुसरा खण फक्त टूजीपुरताच असतो. जिओचं जाळं २०१६ साली सुरू झालं तेच फोरजीवर. त्यांच्याकडे टूजी नाहीच. ते कार्ड अशा खणात घातलं तर जन्मात रेंज येणार नाही, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो.

इथे एक प्रसंग क्रम मोडून सांगायला हवा, कारण त्यात मिनिटं मोजावी लागतात. तुम्ही घरी किंवा ऑफिसात नेहमीच्या जागी बसलाय, रिचार्ज शिल्लक आहे, त्याच कंपनीच्या इतरांना रेंज आहे आणि तुमच्या फोनवर अचानक 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' आलं. त्याआधी एखादा ओटीपी किंवा सिम बदलण्याबद्दलचा मेसेज येऊन गेला असेल, तर कुणीतरी तुमच्या नावाने नवं सिम काढलेलं असू शकतं. नवं कार्ड चालू झालं की जुनं त्याच क्षणी बंद पडतं, कारण किल्ली बदललेली असते. चोराला हवे असतात बँकेचे ओटीपी. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस बंद ठेवायचा दूरसंचार विभागाचा नियम आहे, तो यासाठीच. म्हणजे तुमच्या हाताशी थोडा वेळ असतो, पण तो दुकानात सिम पुसत घालवायचा नाही. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की माझ्या नंबरवर नवं सिम निघालंय का. हो म्हटलं तर तिथेच नंबर थांबवायला सांगा, बँकेला कळवून खातं आणि यूपीआय गोठवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. वाय-फाय असेल तर बँकेचं ॲप अजून उघडतं, हेही अशा वेळी पटकन सुचत नाही.

याच्या उलट जातीची फसवणूकही आहे: "मी ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार." ट्राय ही दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था; ती कुणाचाही नंबर बंद करत नाही आणि असे फोनही करत नाही. फोन ठेवून द्या.

खात्याचा दोष शोधणं सोपं आहे, तरी तो सुचत नाही. रिचार्जची मुदत संपली की आधी बाहेर जाणारे फोन थांबतात, काही दिवसांनी येणारेही. या काळात दांड्या मात्र दिसत राहतात, म्हणून माणूस फोनला दोष देतो. गावाकडे ठेवलेलं, ओटीपीपुरतं वापरलं जाणारं दुसरं कार्ड असेल तर धोका आणखी पुढचा. सलग ९० दिवस त्या कार्डावर फोन, मेसेज, नेट काहीच झालं नाही आणि प्रीपेड खात्यात २० रुपयेही नसतील तर कंपनी ते बंद करू शकते, आणि कालांतराने तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. बँकेला, आधारला, गॅसच्या पुस्तकाला जोडलेला नंबर परक्याच्या हाती जाणं ही रेंजपेक्षा मोठी डोकेदुखी आहे. वडिलांचं असं एखादं कार्ड कपाटात पडलं असेल तर आजच बघा.

आता सगळ्यांना पाठ असलेला उपाय: विमान मोड लावायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि काढायचा. तो का चालतो? रेंज नाही असं कळल्यावर फोन सतत शोधत बसला तर बॅटरी खलास होईल, म्हणून तो शोध हळूहळू विरळ करत नेतो. घाटातून, बोगद्यातून बाहेर आल्यावर टॉवर समोर दिसतोय आणि फोन ढिम्म, याचं कारण हेच असतं. विमान मोड काढला की शोध पहिल्यापासून सुरू होतो. पण काही वेळा हा उपाय फसतो आणि फोन पूर्ण बंद करून चालू केल्यावर मात्र रेंज येते. त्यालाही कारण आहे. नोंदणीच्या वेळी कंपनीच्या सर्व्हरने, अगदी त्याच्या स्वतःच्या गडबडीमुळे का होईना, 'हा ग्राहक मला माहीत नाही' असं उत्तर दिलं, तर नियमानुसार फोन ते कार्ड अवैध मानतो आणि फोन बंद होईपर्यंत किंवा कार्ड बाहेर निघेपर्यंत पुन्हा विचारतच नाही. म्हणून आधी विमान मोड, मग रीस्टार्ट, असा क्रम ठेवा. दोन्ही एकच आहेत असं समजू नका.

'नो सिम' असेल तर कार्ड बाहेर काढावं लागेल. पिन खणाच्या शेजारच्या बारीक भोकात सरळ घाला. मायक्रोफोनचं भोकही तसंच दिसतं, त्यात पिन खुपसून नवीन दुखणं ओढवून घेणारे कमी नाहीत. आधी फोन बंद करा. खण बाहेर आला की कार्ड उजेडात तिरकं धरून बघा. सोनेरी पट्ट्यांवर काळपट डाग, हिरवी झाक किंवा ओरखडा दिसेल. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने ही झाक लवकर धरते. कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा. पट्ट्या खरवडू नका, थुंकी लावू नका. कार्ड जुनं, कात्रीने किंवा कटरने कापून लहान केलेलं असेल तर दोष तिथेच असण्याची शक्यता दाट. जुन्या मोठ्या कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर होती, नॅनोची ०.६७. कापून आकार लहान होतो, जाडी तेवढीच राहते. ते जेमतेम बसतं, दोन-चार महिने चालतं आणि फोन खिशात दाबला गेला की संपर्क सुटतो, किंवा खणातल्या स्प्रिंगा वाकतात. कंपनीच्या दुकानातून नवीन कार्ड घ्या, नंबर तोच राहतो. फोन सिमचा पिन क्रमांक मागत असेल तर अंदाजपंचे आकडे टाकू नका. तीन चुकांनंतर तो पीयूके, म्हणजे कंपनीकडून मिळणारा कुलूप उघडण्याचा आकडा, मागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की कार्ड कायमचं मेलं.

सेटिंग्जमध्ये बघण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. नेटवर्क ऑपरेटर 'आपोआप निवडा'वर आहे का ते बघा. कधीतरी हाताने दुसरी कंपनी निवडली गेली असेल तर फोन तिच्याच दारात उभा राहतो. सरहद्दीवर राहणाऱ्यांनी डेटा रोमिंगची कळ तपासावी. दूरसंचारच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतो, मुंबईचं सर्कल मात्र वेगळं, आणि बेळगाव कर्नाटकाच्या सर्कलमध्ये. चंदगडच्या कडेला बसलेल्या फोनने पलीकडचा टॉवर पकडला तर काही फोनांत नेट बंद पडतं, फोन मात्र लागतात. फाइव्हजीचा टॉवर लांब असेल तर फोन त्याच्यापायी धरसोड करत राहतो. अशा जागी नेटवर्कचा प्रकार फोरजीवर ठेवला की कटकट मिटते. 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज' हा शेवटचा उपाय. त्याने फोटो जात नाहीत, पण साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. ई-सिम असेल तर त्याच पानावर ते पुसण्याचाही पर्याय असू शकतो, त्याला चुकून टिचकी लावू नका. संपूर्ण फॅक्टरी रीसेटने रेंज आल्याची उदाहरणं इतकी विरळ आहेत की मी तो उपाय सुचवतही नाही.

फोन ठीक, कार्ड ठीक, खातं ठीक, आणि रेंज घराच्या ठरावीक कोपऱ्यातच जाते? मग प्रश्न जागेचा. इथे दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या, याचं सगळ्यांना लागू असं मापच नाही. प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. २०१० साली आयफोन ४ हातात विशिष्ट तऱ्हेने धरला की रेंज पडते म्हणून गदारोळ झाला, तेव्हा ॲपललाच कबूल करावं लागलं की दांड्यांचं आपलं सूत्र साफ चुकीचं होतं आणि ते कधी कधी दोन दांड्या जास्त दाखवत होतं. खरा आकडा अँड्रॉइड फोनमध्ये 'अबाउट फोन'मधल्या 'सिम स्टेटस'मध्ये सापडतो, डीबीएममध्ये. तो नेहमी उणे असतो. फोरजीमध्ये उणे ८०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० म्हणजे कसंबसं, उणे १२० म्हणजे आता जातो की मग जातो. हे माप सरळ चढत नाही: दर १० अंकांना ताकद दहा पटींनी घटते. उणे ७० वरून उणे ११० वर आलात तर सिग्नल दहा हजारांश उरला. हा आकडा घेऊन घरात फिरा. खिडकीपासून मोरीपर्यंत २० अंकांचा फरक सहज पडतो, म्हणजे शंभर पट.

भिंती सगळ्या लहरींना सारख्या अडवत नाहीत. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, ३,५०० मेगाहर्ट्झच्या फाइव्हजीची साडेआठ. लांब लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात आणि अडथळ्याला वळसाही घालतात; आखूड लहरींना आरसीसीची भिंत, धातूचा थर दिलेली रंगीत काच, पत्र्याचं छप्पर फार जड जातं. म्हणून जुन्या मातीच्या घरात चालणारा फोन नव्या स्लॅबच्या घरात मुका होतो. सह्याद्रीत तर डोंगरच आडवा येतो. टॉवर हवाई अंतराने जवळ असला तरी मधे कडा असेल तर खालची वाडी त्याच्या सावलीत पडते.

आणि पाऊस? पावसाळ्यात रेंज जाते हा सगळ्यांचा अनुभव आहे, पण आपण दोष चुकीच्या जागी देतो. तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतच्या लहरींना पावसाच्या थेंबांनी जवळपास काहीच होत नाही. थेंब मिलिमीटरचे, लहर सेंटिमीटरची. गडबड टॉवरच्या पाठीमागे असते. टॉवरला पुढच्या जाळ्याशी जोडणारी तार असते किंवा हवेतला मायक्रोवेव्ह दुवा; टॉवरवर ताटासारख्या गोल पांढऱ्या थाळ्या दिसतात त्या याच. त्या १५, १८, २१ गिगाहर्ट्झ अशा उंच फ्रिक्वेन्सींवरही चालतात, आणि तिथे लहर दोन सेंटिमीटरच्या आगेमागे येते. एवढ्या आखूड लहरीला धो धो पाऊस खाऊन टाकतो. सर ओसरली की दुवा परत जुळतो, म्हणून रेंज गेली तशी आपोआप येते. तार असेल तर रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडलेली असते. आणि सगळ्यात साधं कारण, वीज गेलेली असते. टॉवरची बॅटरी काही तास ओढते, मग डिझेलचा जनरेटर लागतो, आणि दरड कोसळून रस्ता बंद असेल तर डिझेल पोचवणार कोण? जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दापोली पट्ट्यावर आलं तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस नव्हते, ते अशाच साखळीमुळे. पावसाळ्यात लाइट जाऊन बराच वेळ झाल्यावर रेंज गेली असेल तर फोन खोलत बसू नका, महावितरणची वाट बघा.

दांड्या भरलेल्या आणि फोन लागत नाही, या चौथ्या आजाराचं नेहमीचं कारण म्हणजे गर्दी. आषाढीला पंढरपुरात किंवा विसर्जनाच्या रात्री पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर टॉवर तुम्हाला स्पष्ट ऐकू येतो, पण त्याच्याकडे तुमच्यासाठी जागा शिल्लक नसते. कंपन्या अशा वेळी गाडीवर बसवलेले तात्पुरते टॉवर आणतात, तरी पुरत नाहीत. तिथे सारखं रीडायल करण्यापेक्षा साधा एसएमएस टाका. त्याला जागा फार थोडी लागते आणि तो थांबून थांबून का होईना, पोचतो.

घरात रेंज कमी असेल तर बाजारात मिळणारा बूस्टर लावायचा मोह होतो. लावू नका. परवान्याशिवाय असलं यंत्र बाळगणं १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनच गुन्हा ठरत आलंय, आणि नियम बाजूला ठेवला तरी ते शेजाऱ्यांचं वाटोळं करतं: स्वस्त बूस्टर टॉवरच्या कानात सतत गोंगाट ओततो आणि आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन तुटायला लागतात. बॅटरीखाली चिकटवायचे 'अँटेना स्टिकर' निव्वळ शोभेचे. आणि 'सिग्नल बूस्टर' नावाची ॲप्स फार तर विमान मोड लावून काढतात. खरा उपाय वाय-फाय कॉलिंगचा आहे. जिओ आणि एअरटेलने तो २०१९–२०च्या सुमारास आणला. घरी ब्रॉडबँड असेल तर सेटिंग्जमध्ये ही कळ चालू करा. फोन तुमच्याच नंबरवरून, वेगळ्या ॲपशिवाय, वाय-फायवरून लागतो. जाता जाता सोसायट्यांबद्दल: किरणोत्साराच्या भीतीने गच्चीवरचा टॉवर हटवायचा आणि वर्षभराने रेंज नाही म्हणून सर्वसाधारण सभेत ओरडायचं, हे दोन्ही एकाच सोसायटीत घडतं. भारताने सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढीच मर्यादा टॉवरांना घालून दिली आहे. शिवाय टॉवर लांब गेला की तुमचा फोन कानाशी जास्त ताकदीने ओरडतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

राहता राहिला फोन. *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय नंबर दिसला तर मोडेम जिवंत आहे. जागा रिकामी किंवा शून्यं दिसली, किंवा 'अबाउट फोन'मध्ये बेसबँडपुढे 'अननोन' आलं, तर मोडेम गेला किंवा सॉफ्टवेअर मारताना त्याची माहिती उडाली. सेकंडहँड फोन असेल तर केवायएम लिहून एक जागा सोडून तो आयएमईआय १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळेल, आणि मग रेंज कुठलाच कारागीर आणू शकणार नाही. मुलाने न्यूजर्सीहून पाठवलेल्या फोनची कथा निराळी. तो तिथल्या कंपनीला बांधलेला असू शकतो. ते कुलूप ती कंपनीच काढते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि पुढच्या फोनांना सिमचा खणच नाही, इथल्या कंपनीकडून ई-सिम घ्यावं लागतं. इथलेच जुने फोनही कधी बँडमुळे अडतात. बीएसएनएलचं फोरजी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. फोनला ७०० पकडताच येत नसेल तर गावात टॉवर लागूनही रेंज दिसत नाही.

फोन पडल्यानंतर रेंज अर्धी झाली असेल तर बऱ्याचदा आतली केसाएवढी अँटेना वायर निसटलेली असते; चांगला कारागीर ती तुमच्यासमोर बसवून देतो. 'नेटवर्क आयसी गेला' असं कुणी फोन उघडण्याआधीच सांगितलं तर फोन परत घ्या.

आणि टॉवरचाच दोष निघाला तर तक्रार करा. आधी कंपनीच्या संकेतस्थळावरचा रेंजचा नकाशा बघा. ट्रायच्या २०२४च्या नियमांमुळे तो जाहीर ठेवणं कंपन्यांना भाग आहे. नकाशात तुमचं गाव फोरजीच्या रंगात असेल आणि तुमच्या ओट्यावर उणे ११८ येत असेल तर त्या पानाचा आणि सिम स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्याच नियमांनुसार अख्ख्या जिल्ह्यात २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर पोस्टपेडला बिलात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ द्यावी लागते. कंपनीच्या १९८ या नंबरवर फोन करताना 'रेंज येत नाही' एवढंच सांगू नका. पिनकोड, घराजवळची खूण, कुठल्या तारखेपासून, दिवसभर की ठरावीक वेळी, शेजारच्या किती फोनांना तोच त्रास, हे सांगा. तक्रार क्रमांक मागून घ्या. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथे पहिल्यांदा तोच क्रमांक विचारतात.